दोन हजार लिटरची टाकी

मी दुधाची टाकी बोलतेय. घराच्या गच्चीवर पाण्याची असते तसली नव्हे. मी दूध गार करून ठेवणारी, आतबाहेर स्टीलची, दोन हजार लिटर दूध मावेल एवढ्या पोटाची. सध्या मी इंदापूर तालुक्यात एका मोठ्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे. माझ्या झाकणावर पेंडीची रिकामी पोती टाकलेली असतात आणि माझ्या खाली उंदरांनी घर केलं आहे. पण मला सांगायचं आहे ते पणदऱ्याच्या रतनबद्दल. माझ्या आयुष्यातली चांगली आणि वाईट, दोन्ही वर्षं तिच्याच दारात गेली.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. स्टीलचे दोन पत्रे, त्यांच्या मध्ये फोम, तळाखाली गारवा देणाऱ्या गॅसच्या नळ्या, वर दूध ढवळणारा पंखा आणि बाजूला कॉम्प्रेसर. मला जोडणारा कारागीर प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून बघायचा. कुठं खरखर लागली की पुन्हा घासायचा. दुधाला बसायला जागा राहिली की घाण तिथंच धरते, असं तो सोबत्याला सांगायचा. मी तयार झाले तेव्हा माझ्यात कसलीही खोट नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे घडलं ते माझ्या खोटीमुळं घडलं नाही.

रतन आणि तिचा नवरा अजित यांचं पणदऱ्यात दूध संकलन केंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ मिळून साडेचारशे लिटर दूध यायचं. रतन यंत्रावर दुधाची फॅट लावायची, वजन करायची, पावती फाडायची. अजित कॅन टेम्पोत चढवून शीतकरण केंद्रावर नेऊन घालायचा. उन्हाळ्यात वाटेतच एखादा कॅन नासायचा. दूध दारातच गार केलं असतं, तर टँकर घरी आला असता, लिटरमागं दर वाढला असता आणि टेम्पोचं डिझेल वाचलं असतं. म्हणजे टाकीची गरज खरी होती. हौसेचा मामला नव्हता.

त्याच सुमारास त्यांची रस्त्याकडेची पट्टी रुंदीकरणात गेली आणि नऊ लाख रुपये हातात आले. जमीन अजित आणि त्याचे थोरले भाऊ दादासाहेब यांच्या सामाईकात होती, म्हणून त्या पैशाचं काय करायचं हे दादासाहेबांनी ठरवायचं होतं. माणूस वाईट नव्हता. भावाचा धंदा वाढावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि स्वतःचा वाटाही त्यांनी त्यात घातला होता.

पुढचं मला नंतर कळलं. मला धुताना रतन अजितशी बोलायची, तेव्हा ते निघायचंच. रतनने पाचशे लिटरची टाकी आणि एक जनरेटर, असं मनात धरलं होतं. राहिलेले पैसे हाताशी ठेवायचे होते. पण टाक्या विकणारा माणूस घरी आला, त्याने चहा घेतला आणि वहीवर आकडे मांडले. पाचशेची टाकी लिटरमागं महाग पडते, दोन हजारांची स्वस्त. आज लहान घ्याल आणि दोन वर्षांनी पुन्हा मोठी घ्यावी लागेल. आकडे खोटे नव्हते. दादासाहेबांना ते पटले.

रतन एवढंच म्हणाली होती, “भावजी, आपल्याकडं दूध साडेचारशे लिटर हाय. बाकीचं कुठनं आणायचं?”

“टाकी बघून येतंय दूध,” दादासाहेब म्हणाले. “आधी भांडं मोठं लागतं.”

थोरल्या दिरापुढं ती आणखी काय बोलणार? अजितने मान खाली घातली आणि मी ठरले.

मी आले त्या दिवशी सगळी आळी जमली होती. क्रेनने मला उतरवलं, पण मी दारातून आत जाईना. मग दार काढलं, दारालगतची भिंत पाडली. माझी किंमत साडेसहा लाख, असं सगळे म्हणत होते. पण मी कधीच एवढ्यात भागणारी नव्हते. माझ्याखाली काँक्रीटचा ओटा लागला, भिंत पुन्हा बांधावी लागली, थ्री फेजचं कनेक्शन, जाड केबल, स्टॅबिलायझर, सांडपाण्याची मोरी. एकेक करून आणखी सव्वादोन लाख गेले. जनरेटरची वेळ आली तेव्हा हातात पंचवीस हजार उरले होते. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

दादासाहेबांनी मला हळदकुंकू लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे की ही आपली गुंतवणूक आहे. रतन तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, आधी हिनं कमवून दाखवू दे. मला दोघांचंही ऐकू यायचं. मी गुंतवणूक की खर्च, हे माझ्या पत्र्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं. रोज माझ्यात किती दूध पडतं, त्यावरच ते ठरणार होतं, आणि दूध आणणं माझ्या हातात नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी माझं दुखणं सुरू झालं. दोनशे लिटर दूध आलं आणि माझ्या तळाला नुसतं पसरून राहिलं. ढवळणाऱ्या पंख्याची पाती त्याच्यापर्यंत पोचेनात. पंखा हवेत फिरत होता, तळाच्या नळ्या गारवा सोडत होत्या, आणि न हललेलं दूध खाली गोठायला लागलं. मला ते कळत होतं. आपल्याच अंगावर बर्फाचा पापुद्रा धरतोय हे कळत असून थंडी आवरता येत नव्हती.

सकाळी टँकरवाल्याने दूध ओढून घेतलं आणि डेअरीवरून फॅट कमी लागल्याचं कळवलं. रतनला वाटलं कुणीतरी पाणी घातलं. तिने दोन दिवस प्रत्येकाचं दूध बारकाईने तपासलं, एकदोघांशी वाईटपणाही घेतला. तिसऱ्या दिवशी मला धुवायला आत वाकली, तेव्हा तिच्या बोटाला बर्फ लागला. तिने कपचा उचलून उजेडात धरला. त्यात दुधाची साय अडकली होती.

त्या दिवसापासून तिने एक लांब स्टीलचा दांडा करून घेतला. संध्याकाळचं दूध आलं की माझं झाकण उघडून, स्टुलावर चढून ती अर्धा तास हाताने दूध ढवळायची. साडेसहा लाखांच्या यंत्रात हाताने दूध ढवळणारी बाई मी रोज बघत होते. तिच्या खांद्याला त्यानेच कायमची कळ धरली.

पण खरी अडचण वेगळीच होती. डेअरीचे पैसे केंद्राला उशिरा मिळायचे, आणि गावातल्या बायांना मात्र दर दहा दिवसांनी दुधाचा पगार द्यावा लागायचा. मधला वेळ भरून काढायला रतन पूर्वी नेहमी लाखभर रुपये बाजूला ठेवायची. नऊ लाखांत न बसलेले माझे बारीकसारीक खर्च आणि वीजबिल यांनी तोही पैसा गिळला. आता पगार दहाऐवजी पंधरा दिवसांनी, कधी अठरा दिवसांनी व्हायला लागला. माझ्यात पैसा होता, पण तो सारजाआत्याला पेंड आणायला देता येत नव्हता.

सारजाआत्या ही वरच्या आळीची म्हातारी. दोन गाई, तेरा-चौदा लिटर दूध. केंद्र निघालं त्या दिवसापासून तिचं दूध रतनकडेच. एके दिवशी ती किटली न आणताच आली आणि माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली.

“रतन, तुझ्याबद्दल माझं कायबी म्हननं न्हाय,” ती म्हणाली. “पर पेंडवाला थांबत न्हाय बग. खालच्या केंद्रावर धाव्या दिवशी पगार देत्यात. मी उद्यापासनं तितं घालते.”

रतनने तिला थांब म्हटलं नाही. राहिलेला पगार तिने अजितच्या खिशातले आणि डब्यातले पैसे मिळून तिथंच दिला आणि आत्याला चहा केला. सारजाआत्या गेल्यावर आणखी सात-आठ जणी गेल्या. दूध साडेचारशेवरून तीनशेऐंशीवर आलं. जे दूध मला बघून यायचं होतं, ते माझ्यामुळंच जाऊ लागलं होतं. दूध कमी झालं म्हणून पैसा कमी, पैसा कमी म्हणून पगाराला उशीर, उशीर म्हणून आणखी दूध कमी. वीजबिल मात्र दर महिन्याला ठरल्यासारखं यायचं. पोट भरलेलं असो नाहीतर रिकामं, मला वीज तेवढीच लागायची.

मग मे महिन्यातला तो दिवस आला. आदल्या संध्याकाळचं आणि सकाळचं मिळून सगळं दूध माझ्यात होतं. टँकर त्या दिवशी दुपारी चारला येणार होता. सकाळी साडेनऊला बाहेर मोठा आवाज झाला आणि माझा कॉम्प्रेसर थांबला. वाडीवरची विजेची डीपी जळाली होती.

अजित मोटारसायकलवर बारामतीला जनरेटर भाड्याने बघायला गेला. लग्नसराई होती. होते नव्हते ते सगळे जनरेटर मांडवात गेले होते. त्याने बर्फाच्या लाद्या आणल्या. रतनने त्या धुतलेल्या कॅनमध्ये भरून, झाकणं घट्ट लावून, ते कॅन माझ्यात सोडले. माझ्या अंगावर ओली पोती टाकली. ती सारखी आत येऊन काटा बघायची. सहा अंश, नऊ अंश, बारा. माझ्यात फोम होता, तो थंडी थोडा वेळ धरू शकतो. पण पोट भरलेलं असतं तर दुधानेच दुधाला गार ठेवलं असतं. तळाला पसरलेल्या थोड्याशा दुधाला वरची मोठी रिकामी जागा तापवत होती. माझी ती रिकामी जागा मला त्या दिवशी कधी नव्हे एवढी नकोशी झाली.

दोन वाजता रतनने पळीभर दूध काढून गॅसवर धरलं. ते फाटलं. तिने दुसरी पळी धरली, तीही फाटली. तिसरी तिने धरली नाही.

टँकरवाला आला, वास घेतला आणि निघून गेला. अजितने माझा नळ उघडला. तीनशेऐंशी लिटर दूध मोरीतून जात होतं आणि रतन ते संपेपर्यंत उभी होती. वरच्या आळीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. आपल्या दुधाचे पैसे मिळतील का, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. रतनने आपणहून सांगितलं की सगळ्यांचा आजचा पगार लागेल, कुणाचा एक रुपया कापणार नाही. तिने तो दिलाही. त्यासाठी कानातलं विकलं.

आठवडाभराने दादासाहेब आले. डीपी जळाली यात कुणाचा दोष नाही, आता जनरेटरची सोय करू, वर्ष दोन वर्षं कळ काढली की टाकी भरेल, असं ते समजावत होते. रतन मला धूत होती. हात पुसून ती त्यांच्यासमोर आली.

“भावजी, मला टाकी इकायची हाय.”

दादासाहेब माझ्या ओट्याच्या कडेला बसले. मग म्हणाले, “साडेसहा लाखाची वस्तू. आज कोण फार तर तीन देईल. रस्त्यात जमीन गेली तिचं हे एवढंच हाय आपल्याकडं. ते अर्ध्यावर घालवायचं?”

“ते कवाच गेलं, भावजी,” रतन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “साडेसहा लाख हिच्या पोटात न्हाईत. मी रोज आत वाकून धुती, मला म्हाईत हाय. मी दुसराच इचार करती. आज ही टाकी दारात नसती आन् माझ्या हातात तीन लाख असते, तर मी हिला घेतली असती का? न्हाय घेतली असती. मग आज ठिवायची तरी कशापायी?”

चुकल्याची दादासाहेबांना आतून जाणीव होती आणि ती तोंडावर आणायची लाज होती. उठताना त्यांनी माझ्यावर एकदा हात ठेवला. मग अजितला म्हणाले, गिऱ्हाईक बघ.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण रतन बरोबर होती, हे मला तिच्याहूनही आधी कळलेलं होतं. माझं असणं त्या घराला झेपत नव्हतं. मला स्वतःहून जाता येत नव्हतं, तिने मला घालवलं.

इंदापूरकडच्या विजयसिंहांनी मला सव्वातीन लाखांना घेतलं. शंभर गाईंचा गोठा, उजनीच्या पाण्यावरची बागायत, दारात दोन गाड्या. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची मोठी टाकी आधीच चालू होती. मग मी कशाला? स्वस्तात मिळतेय म्हणून. पुढं दुसरा गोठा काढायचा आहे, तेव्हा लागेलच, असं ते क्रेनवाल्याला सांगत होते. त्यांना सव्वातीन लाख म्हणजे काही विशेष नव्हतं. मला शेडमध्ये ठेवलं, अंगावर ताडपत्री टाकली आणि सगळे विसरले.

पणदऱ्यात मी कमी भरायचे, इथं एकदाही भरले नाही. पहिल्या वर्षी गॅस हळूहळू निघून गेला. दुसऱ्या वर्षी उंदरांनी केबल कुरतडली आणि फोममध्ये बीळ केलं. झाकणाचं रबर उन्हाने तडकलं. कॉम्प्रेसर न फिरून फिरून जाम झाला. यंत्र वापरून झिजतं हे सगळ्यांना माहीत असतं. न वापरता त्याहून लवकर झिजतं, हे सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. दुसरा गोठा निघालाच नाही.

पणदऱ्याची खबर मला दूध नेणाऱ्या टँकरवाल्याच्या बोलण्यातून मिळायची. तो दोन्हीकडे फिरायचा. रतनने माझ्या पैशात पाचशे लिटरची टाकी घेतली, एक जुना जनरेटर घेतला, आणि थोडे पैसे पगारासाठी पुन्हा बाजूला ठेवले. दहाव्या दिवशी पगार म्हणजे दहाव्या दिवशी. सारजाआत्या वर्षभरात परत आली. लहान टाकी काठोकाठ भरायला लागली, तेव्हा तिच्याच कमाईतून रतनने तिच्याशेजारी दुसरी पाचशेची बसवली. आता त्याही पुरेनात, असं तो म्हणाला, तेव्हा माझ्या मनात एक वेडी आशा आली.

आणि गेल्या हिवाळ्यात ती खरोखर आली. अजित होता, बारामतीचा एक मेकॅनिकही बरोबर होता. तिचं दूध आता चौदाशे लिटरवर गेलं होतं आणि तिला मोठी टाकी हवी होती. विजयसिंहांनी दोन लाखांत न्या म्हणून सांगितलं होतं.

रतनने ताडपत्री स्वतः काढली. केस पांढरे झाले होते, उजवा खांदा थोडा उतरला होता. झाकण उघडून ती पूर्वीसारखीच आत वाकली, तळावरून हात फिरवला आणि एका सांध्यावर थांबली. मला वाटलं, आता मला घेऊन जातील. एवढ्या वर्षांत प्रथमच तिचं दूध माझ्या मापाचं झालं होतं.

मेकॅनिकने तासभर मला तपासलं. नवा कॉम्प्रेसर, नव्या नळ्या, सगळा फोम बदलायचा, वायरिंग. पावणेतीन लाखांपर्यंत जाईल म्हणाला. त्यावर किती वर्षं चालेल, असं रतनने विचारलं. तीन चालेल, चार चालेल, खात्री देत नाही म्हणाला. नवी घेतली तर पंधरा वर्षं बघायला नको.

अजित माझ्याजवळ उभा होता. “आपलीच हाय की,” तो हळूच म्हणाला. “दोन लाखात पुन्हा कुठं मिळंल?”

रतनने माझ्या कडेवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, “दोन न्हाय, पावणेपाच. आन् आपली व्हती म्हणून घ्यायची नसती. मला बी वाईट वाटतंय. पर वाईट वाटतंय म्हणून चौदाशे लिटर दूध हिच्यात वतायचं व्हय?”

मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. तिने ताडपत्री पुन्हा नीट अंथरली, कोपरे दुमडून आत घातले. जाताना विजयसिंहांना एवढंच म्हणाली, की हिला अशी उभी ठेवू नका, दुरुस्त करून वापरा नाहीतर मोडीत द्या, स्टील चांगलं आहे. ते हसले आणि राहू द्या, जागा काय कमी आहे, असं म्हणाले.

त्याला आता चार महिने झाले. माझी कुणावर तक्रार नाही. मागणं एकच आहे. कुणी मला वितळवायला न्यावं. माझ्या स्टीलच्या किटल्या होतील, चरव्या होतील, कुणाच्या तरी हातात रोज दोन लिटर, चार लिटर दूध येईल आणि त्या पुऱ्या भरतील. मोठ्या पोटाची हौस माझी कधीच नव्हती. ती दुसऱ्यांची होती, मी फक्त ती अंगावर वागवली.

पण हे ऐकणार कोण? परवा विजयसिंहांनी पनीर करायचं यंत्र आणलं. कुठल्याशा प्रदर्शनात बघितलं म्हणे, सवलत होती. पनीर कोण करणार, कुणाला विकणार, याचं काही ठरलेलं नाही. बाहेर जागा होईपर्यंत त्यांनी ते माझ्याशेजारीच ठेवलंय. नवंकोरं आहे, खूप देखणं. त्याच्या अंगावरचं प्लास्टिक अजून कुणी काढलेलं नाही.